माझं मनगट म्हणजे स्कूटरचं हँडल नव्हे

आज सोमवार. उजव्या हाताने चहाचा कप उचलवत नाही. शनिवारी रात्री पणजीत साल्सा सोशलला, म्हणजे जोडीने साल्सा नाचायच्या पार्टीला गेले होते. तिथे एका माणसाबरोबर एक गाणं नाचले, एवढंच. काल डॉक्टरांनी मनगट दाबून पाहिलं आणि विचारलं, "पडलात का कुठे?" काय सांगू? नाचताना ओढलं म्हणून सांगितलं तर त्यांना खरंच वाटेना.

पहिल्या टर्नलाच त्याने अंगठा आवळला. ज्यांना लीड करायचं, म्हणजे जोडीदाराला इशाऱ्याने नाचवायचं असतं, त्यांना पहिल्याच क्लासला सांगतात की अंगठा मोकळा ठेव. तिची बोटं तुझ्या बोटांवर नुसती अडकलेली असू देत. कारण साधं आहे. हात डोक्यावर गेला की मी खाली फिरते आणि माझी बोटं तुझ्या बोटांत फिरतात, विहिरीच्या रहाटासारखी. अंगठा दाबून धरलास तर हात जागच्या जागी आणि शरीर गोल. मग पिळ कुठे जाणार? मनगटात, नाहीतर खांद्यात. मी त्याला म्हटलं, हात जरा सैल धर. तो म्हणाला, "सैल धरला तर तुला कळणार कसं?"

तिथेच मला खरी चीड आली. कळतं रे! वेळेवर सांगितलंस तर बोटाच्या इशाऱ्यानेही कळतं. साल्सात आठ मात्रा. एक, दोन, तीन पावलं, चारला थांबा. पाच, सहा, सात पावलं, आठला थांबा. मला पाच-सहा-सातला उजवीकडे फिरवायचं असेल तर हात चारला वर जायला हवा. त्या थांब्यात मी वजन सावरते, तयार होते आणि स्वतःच्या पायांवर फिरते. तू मला फिरवायचं नसतंच, दार उघडायचं असतं. हे लोक हात उचलतात पाचला, कधी सहाला. मग उशीर झाला म्हणून ओढतात. इतक्या वर्षांत मी पाहिलंय, जोर लावणारा प्रत्येक लीडर आधी बीट चुकवतो. त्याच्या चुकलेल्या मात्रेची किंमत माझ्या खांद्याने का द्यायची?

मी फोंड्याकडची. चवथीला आमच्या अंगणात फुगड्या घालतात. दोघी हातांची अढी घालतात, पावलांना पावलं जुळवतात, अंग मागे टाकतात आणि भिरभिरतात. तिथे समोरचीच्या हातावर जीव ठेवलेला असतो. माझी काकू साठीची, गावात तिच्याइतकी जोरात फुगडी कुणी घालत नाही. पण समोर लहान मुलगी आली की तिचा वेग आपोआप उतरतो. मध्येच विचारते, "थांबूया गो?" काकू कुठल्या क्लासला गेली नाही, वर्कशॉपला गेली नाही. समोरच्या माणसाला दम लागलाय का, पाय घसरतोय का, हे तिला हातातून समजतं. आणि महिना हजारो रुपये भरून शिकणाऱ्यांना समोरची कळवळलेली दिसत नाही?

डिपचं तर बोलूच नका. गाणं संपत आलं की यांना बाईला मागे वाकवायचंच असतं, कारण कोपऱ्यात कुणीतरी मोबाईल धरून उभा असतो. विचारायचं नाही, सांगायचं नाही, एकदम मागे लोटायचं. माझ्या मैत्रिणीला कमरेचा त्रास आहे. तिने नाच सुरू होण्याआधी स्पष्ट सांगितलं होतं, डिप नको. त्याने मान हलवली आणि शेवटी वाकवलीच. ती चार दिवस झोपून होती. पावसाळ्यात त्या लाद्यांवर ओल असते, कुणाच्या ना कुणाच्या ग्लासातलं सांडलेलं असतं. तिथे पाय सरकला तर डोकं कुणाचं फुटणार? अनोळखी बाईबरोबरच्या पहिल्या गाण्यात डिप नको म्हणजे नको. पुढे कधी करायचा असेल तर तोंडाने विचारा. दोन शब्द लागतात.

आणि ते फ्लोअरवर शिकवणं! गाणं चालू, माणसं बाजूने फिरतायत आणि हा मला थांबवून सांगतो, "तू फार टेन्शनमध्ये आहेस, रिलॅक्स कर." अरे, तू हात पिळतोयस म्हणून अंग ताठ झालंय! मला टर्न कळला नाही तर तुझा इशारा पोचला नाही. सोपं काहीतरी कर, बेसिक कर, पुढे जा. आमच्या बॅचमधली एक मुलगी, नुकती शिकायला लागलेली, दोन सोशल्सना आली. दोन्ही वेळा कुणीतरी तिला मध्येच थांबवून चुका दाखवल्या. तिसऱ्यांदा ती आली नाही. तिला नाच किती आवडायचा ते मी पाहिलंय. म्हणून हा राग जात नाही.

बचाटा लागला की आणखी वेगळा त्रास. हा नाच डोमिनिकन रिपब्लिकचा, 2019 मध्ये युनेस्कोने त्याला मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. तिथल्या लोकांचं पायांचं काम बघा, जीव ओवाळून टाकावा. आमच्याकडे मात्र स्पेनमध्ये वाढलेल्या सेन्सुअल प्रकाराचे व्हिडिओ पाहून लोक थेट छातीला छाती लावायला येतात. किती जवळ यायचं ते मी ठरवणार. माझा डावा हात तुझ्या खांद्यावर ताठ झाला की तो तुला थांबवतोय, एवढं वाचता येत नसेल तर क्लोज होल्ड करू नकोस. आणि मी नको म्हटलं तर "का?" विचारू नकोस.

घामाचं काय सांगायचं, गोव्याची हवा सगळ्यांना माहीत आहे. दुसरा शर्ट आणा, टॉवेल आणा, घड्याळ काढून ठेवा.

नाचवणं म्हणजे काय ते मी मडगावला एका लग्नात पाहिलं. शेजाऱ्यांच्या मुलीचं लग्न, बँड वॉल्ट्झ वाजवत होता. सत्तरीचे एक अंकल आमच्या टेबलाशी आले, आधी आईला नमस्कार केला, मग मला विचारलं. मला वॉल्ट्झ येत नव्हता. त्यांनी पूर्ण गाणं एकच साधं पाऊल घेतलं. सगळी जोडपी घड्याळाच्या उलट दिशेने फिरत होती, त्यांनी मलाही त्याच ओघात नेलं. मुलं धावत आली तेव्हा स्वतःची पाठ मध्ये घातली. धक्का त्यांना लागला, मला नाही. गाणं संपल्यावर खुर्चीपर्यंत सोडलं, थँक्यू म्हणाले. त्यांच्या हाताचं वजनसुद्धा मला जाणवलं नव्हतं.

शनिवारच्या माणसाबद्दल मी आयोजकांकडे तक्रार केली. उत्तर मिळालं, "तो तसाच आहे गं, पण नाचतो भारी." कुणाला भारी? बघणाऱ्यांना? त्याच्याबरोबर नाचलेल्या पाच जणींना मी विचारलं. पाचही जणी आपापला खांदा चोळत होत्या, आणि एकीनेही त्याला सांगितलं नव्हतं. गाणं अर्धवट सोडणं वाईट दिसतं म्हणे.

मनगट बरं झालं की मी परत जाणार आहे. अंगठा आवळला की एकदा सांगेन. दुसऱ्यांदा हात काढून घेईन आणि भर गाण्यात फ्लोअरवरून निघून जाईन. तो मध्येच एकटा उभा राहिला तर राहू दे.