डबा मात्र परत मागा

दिवाळीची आवराआवर निघाली की दानाचाही मुहूर्त लागतो. ओटा सोडा, वरचं कपाट उघडा आणि अगदी मागच्या कोपऱ्यात हात घाला. तिथे जो रवा सापडेल, तो गरिबांसाठीच राखून ठेवला होता असं समजा. जाळी लागली असली तर पिशवीला वरून घट्ट गाठ मारा, म्हणजे धान्य बँकेच्या टेबलावर उघडेपर्यंत कुणाला दिसणार नाही. 'बेस्ट बिफोर मार्च' असेल तर कुठल्या सालचा मार्च हे शोधायला तिथे स्वयंसेवक असतातच. एका भुंगे लागलेल्या डाळीच्या पिशवीपायी शेजारच्या चार पोत्यांना ऊन दाखवावं लागतं खरं, पण त्यांनाही काही काम हवंच की.

विकतच आणून द्यायचं असेल तर तांदूळ आणा. अन्नसुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबांना दरमाणशी महिन्याला ५ किलो आणि अंत्योदय म्हणजे सर्वांत गरीब कुटुंबांना घरटी ३५ किलो धान्य मिळतं, आणि २०२३ च्या जानेवारीपासून तेही फुकट. तिथेच आणखी तांदूळ नेऊन ओतण्यात एक सातत्य आहे. तूरडाळ, गोडेतेल, मीठ, चहापूड, अंगाचा साबण असली यादी हातात देणाऱ्या संस्था जरा चिकित्सकच असतात. २०२२ च्या दिवाळीत राज्य सरकारने 'आनंदाचा शिधा' काढला, त्यात शंभर रुपयांना रवा, चणाडाळ आणि साखर एकेक किलो आणि एक लिटर पामतेल होतं. तांदळाचा दाणा नव्हता. सरकारलासुद्धा जे उमगलं, ते आपल्याला उमगायलाच हवं असं थोडंच आहे? कारखान्याच्या रानात कोपी टाकून राहणाऱ्या ऊसतोडीच्या कुटुंबांना मात्र आवर्जून अख्खा गहू द्या. दिवसभर ऊस तोडून झाल्यावर गिरणी शोधत फिरायला त्यांना बरं वाटेल.

आता फराळ. लक्ष्मीपूजनाला देऊ नका, तेव्हा तो ताजा असतो आणि पाहुणे यायचे असतात. भाऊबीज उलटून चार दिवस जाऊ द्या. मग सगळे डबे एकाच मोठ्या पिशवीत रिकामे करा. तळाशी लाडू, त्यावर चिवडा, वर चकल्या. संध्याकाळपर्यंत लाडवाचा भुगा चिवड्यात मिसळतो, तुपाने पोहे सादळतात आणि चकली मऊ पडते. एक नवाच पदार्थ तयार होतो. ओल्या नारळाच्या करंज्याही त्यातच घाला. बाहेर ठेवल्या तर दुसऱ्या दिवशीच त्यांना आंबूस वास येऊ लागतो, तेव्हा चार दिवसांनी कोणती पिशवी तुमची हे कुणाला विचारावं लागणार नाही. तळणीचं तेल दोनदा-तीनदा वापरलेलं असेल तर खवटपणा लवकर येतो, तोही मोकळ्या हाताने द्या. शेंगदाणे, काजू कशात आहेत हे लिहायच्या भानगडीत पडू नका. स्टीलच्या डब्यातून दिलं असेल तर डबा मात्र परत मागा. त्यासाठी कार्यकर्त्याला रात्री साडेदहाला फोन केला तरी चालतो.

दिवाळी पहाटेच्या जेवणावळीतला मसालेभात उरला तर खरी संधी आहे. पातेलं मोठं आणि खोल घ्या, गरम असतानाच घट्ट झाका आणि गाडीच्या डिकीत ठेवा. पसरट ट्रेमध्ये दोन-तीन बोटं जाडीचा थर करून भात झटपट गार करणं हा हॉटेलवाल्यांचा छंद आहे. आपल्या पातेल्याच्या पोटात तो तासन्‌तास छान कोमट राहतो. बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, आणि ५ ते ६० अंशांच्या मधली ऊब मिळाली की ते कामाला लागतात. त्यांनी भातात सोडलेलं उलटीचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. म्हणून संस्थेला फोन जेवण वाढायला घेताना करू नका, हात धुऊन, विडा खाऊन, दुपारची झोप झाल्यावर करा. उरलेल्या अन्नाच्या वाटपासाठी २०१९ साली केंद्राचे नियम आले. पदार्थाचं नाव, कुणाकडून आला, कधी शिजवला, कधीपर्यंत खायचा, शाकाहारी की मांसाहारी, एवढं डब्यावर लिहावं लागतं. चिकटपट्टी आणि पेन मिळून वीसेक रुपये. एवढा खर्च कोण करतो?

पैसे शक्यतो देऊ नका. पैशातून टेम्पोचं भाडं, गोदामाचं वीजबिल आणि उंदरांचा बंदोबस्त होतो, आणि या तिन्हींसोबत फोटो चांगला येत नाही. घाऊक बाजारातून पोत्याने डाळ घेतली तर तुमच्या तेवढ्याच पैशांत ती जास्त येते, हा मुद्दा कुणी काढलाच तर विषय बदला. आयकराचं मात्र नीट लक्षात ठेवा. वस्तुरूपाने दिलेल्या दानाला सूट नाही, रोखीत दोन हजारांवर दिलं तरी नाही. म्हणजे ज्यावर सूट मिळते ते ऑनलाइन किंवा चेकने देणं सोडून बाकी सगळं करायचं आणि मग पावती मागायची.

फराळ सोडून बाकीच्या दानाची वेळ म्हणाल तर वसुबारस ते भाऊबीज. सगळी सोसायटी, सगळी कार्यालयं आणि सगळे गणपती मंडळवाले त्याच पाच-सहा दिवसांत येतात, त्यामुळे गोदामात पाय ठेवायला जागा नसते आणि उत्सवाचं वातावरण राहतं. पुढे जूनमध्ये पाऊस लागतो, मजूर नाक्यावरची कामं बसतात, त्याच महिन्यात पोरांच्या वह्या-दप्तरं घ्यायची असतात आणि धान्य बँकेची मांडणी रिकामी होते. तेव्हा त्यांचा फोन आलाच तर आवाज न चढवता सांगा, "अहो, आम्ही दिवाळीत दिलं ना!"