मेल थांबला म्हणून रांग पुसू नका

सोलापुरात कारखान्यांचे आणि पेढ्यांचे संगणक सांभाळणाऱ्यांमध्ये सध्या एक संदेश फिरतो आहे. चालता मेल सर्व्हर कधीही अपडेट करू नये. केलाच आणि मेल थांबला, तर अडकलेल्या मेलची रांग पुसावी, रिले (म्हणजे दुसऱ्याचा मेल पुढे पोहोचवण्याची सोय) सर्वांना खुला करावा आणि तेवढ्यानेही भागले नाही तर जुनी आवृत्ती पुन्हा बसवावी, असा त्याचा आशय आहे. अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीतून टॉवेल कारखान्याचा मालक सकाळी नऊला फोन करून ओरडतो, तेव्हा असा सल्ला गोड वाटतो. तरीही त्यातला प्रत्येक उपाय मूळ बिघाडापेक्षा महाग पडणारा आहे.

अपडेट टाळण्याची किंमत एक्झिम हा मेल सर्व्हर वापरणाऱ्यांनी २०१९ मध्ये मोजली. ४.८७ ते ४.९१ या आवृत्त्यांत दुरून आज्ञा चालवू देणारी त्रुटी असल्याचे जूनमध्ये जाहीर झाले आणि काही दिवसांतच हल्ले सुरू झाले. फेब्रुवारीत आलेल्या ४.९२ मध्ये ती त्रुटी नव्हती. म्हणजे ज्यांनी वेळेवर अपडेट केले होते, ते काहीही न करता वाचले.

रांगेबाबतचा सल्ला सर्वांत घातक आहे, आणि तो बिघाड न समजल्यामुळे दिला जातो. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ या लिनक्स वितरणासोबत डव्हकॉटची (मेलच्या पेट्या सांभाळणाऱ्या प्रोग्रामची) २.४ ही आवृत्ती येते, आणि २.३ साठी लिहिलेली कॉन्फिगरेशन फाइल तिला जशीच्या तशी चालत नाही. नव्या फाइलच्या सुरुवातीलाच ती कोणत्या आवृत्तीसाठी लिहिली आहे हे सांगावे लागते. अनेक सेटिंगांची नावेही बदलली आहेत. त्यामुळे डव्हकॉट सुरूच होत नाही. पण तक्रार दिसते ती पोस्टफिक्सच्या, म्हणजे मेलची ने-आण करणाऱ्या प्रोग्रामच्या, लॉगमध्ये (नोंदींच्या फाइलमध्ये), कारण पासवर्ड तपासण्याचे काम आणि एलएमटीपीने (सर्व्हरवरच्या पेटीपर्यंत मेल पोहोचवण्याच्या पद्धतीने) मेल पेटीत टाकण्याचे काम पोस्टफिक्सने बहुधा डव्हकॉटवरच सोपवलेले असते. एक सेवा बंद पडली की जाणारा मेल लॉगिनपाशी अडतो आणि येणारा रांगेत थांबतो. ही रांग म्हणजे सुखरूप ठेवलेली टपाल आहे. पोस्टफिक्स मूळ सेटिंगनुसार पाच दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहतो. तेवढ्या अवधीत फाइल दुरुस्त करून रांगेतला मेल पुढे सोडला, तर एकही ऑर्डर हरवत नाही. रांग पुसली, तर ग्राहकाला वाटते पत्र पोहोचले आणि आपल्याला ते आल्याचेही कळत नाही. खरी धास्ती ५५० सारख्या कोडने येणाऱ्या कायमच्या नकाराची असते, कारण त्याने मेल लगेच परत जातो. म्हणून अपडेटपुरता पोस्टफिक्सचा सॉफ्ट बाउन्स हा पर्याय चालू ठेवावा. तो कायमचे नकार तात्पुरते करतो. (काम झाल्यावर तो बंद करायला बहुतेक जण विसरतात. मीही विसरलो आहे.)

रिले खुला करण्याबद्दल फार लिहायला नको. ‘रिले नाकारला’ ही चूक येते, कारण लॉगिन झालेले नसते. दार सताड उघडल्यावर जगभरचा स्पॅम आपल्या पत्त्यावरून जातो आणि सर्व्हर काळ्या यादीत अडकतो.

उरली जुनी आवृत्ती. डेबियनमध्ये वितरणाची आवृत्ती मागे नेण्याची अधिकृत सोयच नाही. अपडेटपूर्वीचा स्नॅपशॉट (त्या क्षणीच्या सर्व्हरची जशीच्या तशी प्रत) असेल तर तो चालतो. मात्र त्यानंतर पेट्यांत आणि रांगेत आलेला मेल त्यात नसतो, तेव्हा स्नॅपशॉट परत लावण्याआधी येणारा मेल थांबवून या दोन्ही डिरेक्टरींची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढून ठेवावी लागते.