सुभेदारसाहेबांच्या प्रतिक्रियेला उत्तर : १२० मि.मी. मॉर्टर नेमका कुणाचा?

जय हिंद सुभेदारसाहेब,

सोव्हिएत १२० मि.मी. मॉर्टरवरच्या (म्हणजे उखळी तोफेवरच्या) माझ्या लेखाला तुम्ही चांगलंच झोडपलंत. झोडपणारा देवळालीच्या तोफखाना शाळेत शिकलेला गनर असल्यावर आधी चूक कबूल करून मोकळं झालेलं बरं. ‘जवान तो खांद्यावर घेऊन डोंगर चढत’ हे लेखातलं वाक्य साफ चुकीचं. १९३८ चा हा मॉर्टर मांडल्यावर २८० किलोच्या आसपास भरतो. तो दोन चाकांच्या गाड्यावर, घोड्यांमागे किंवा ट्रकमागे जायचा. खांद्यावरची गोष्ट लहान ८२ मि.मी. मॉर्टरची, माझ्या टिपणांत दोघांची सरमिसळ झाली. वाक्य काढलं आहे.

आता तुमचा मुख्य आक्षेप : ‘एकशेवीस हे तोफखान्याचं हत्यार, त्याला इन्फन्ट्रीचं कसं म्हणता?’ आपल्याकडे तुमचंच बरोबर. पायदळाच्या बटालियनकडे ८१ मि.मी.चा मॉर्टर, आणि १२० मि.मी.चा तोफखान्याच्या लाइट रेजिमेंटकडे, म्हणजे तुमच्याकडे. पण लाल सैन्यात, म्हणजे सोव्हिएत सैन्यात, तो पायदळाच्या रायफल रेजिमेंटच्या पदरी होता. माझा अख्खा लेख खरं तर याच एका गोष्टीवर होता, आणि तीच मला नीट मांडता आली नाही असं दिसतंय.

रेजिमेंटच्या कमांडरला समोरच्या टेकडीमागची मशीनगन गप्प करायची आहे. वरच्या डिव्हिजनच्या तोफा मागायच्या तर विनंती वर जाणार, तिथे आणखी चौघांच्या विनंत्या आधीच पडलेल्या. इथे त्याच्या स्वतःच्या हाताखाली सुमारे १६ किलोचा बॉम्ब साडेपाच किलोमीटरच्या पुढे टाकणारी नळी आहे. त्याच सैन्याची १२२ मि.मी. हॉवित्झर, म्हणजे तोफखान्याची मोठी तोफ, २२ किलोचा गोळा टाकायची, पण वजन जवळपास अडीच टन! पल्ला दुपटीने जास्त, हे मान्य. पण टेकडी दीड किलोमीटरवर असेल तर तो पल्ला काय चाटायचा?

वजनाची ही बचत कुठे होते ते तुम्हाला सांगायला नको, इतर वाचकांसाठी लिहितो. नळी आतून गुळगुळीत, बॉम्ब तोंडातून सोडायचा, त्याला दिशा देतात शेपटीचे पंख. धक्का झेलायला हॉवित्झरसारखी यंत्रणा नाही. तो नळीच्या बुडाखालच्या गोल बेसप्लेटमधून थेट जमिनीत जातो. नळीतला दाब कमी, म्हणून नळी हलकी. बॉम्बचं कवचही पातळ चालतं, त्यामुळे वजनाच्या मानाने आत स्फोटकं जास्त बसतात. वर मारा इतका उभा, की उताराच्या पलीकडे लपलेल्यालाही सुटका नाही. आपल्या पूर्वजांनी ‘उखळी तोफ’ हे नाव ठेवलं ते उगीच नाही.

जवळपास याच मापाच्या नळीचा अमेरिकन ४.२ इंची मॉर्टर घ्या. दुसऱ्या महायुद्धात तो पायदळाकडेही नव्हता आणि तोफखान्याकडेही. तो होता रासायनिक युद्ध विभागाकडे, कारण मुळात तो धूर आणि विषारी वायू सोडायला बनवलेला. तेव्हा हत्यार कुणाचं हे कॅलिबरवरून, म्हणजे नळीच्या मापावरून, ठरत नाही. ते कुणाच्या हुकमावर चालतं ते पाहावं लागतं.

शेवटचा मुद्दा नकलेचा. ‘रशियनांनी फ्रेंच ब्रांटची नक्कल केली, आणि जर्मनांनी रशियनांची केली हा निव्वळ प्रचार,’ असं तुम्ही लिहिलंत. पहिलं अर्धं मान्य. ब्रांट या फ्रेंच कंपनीच्या १९३५ च्या १२० मि.मी. मॉर्टरचा प्रभाव सोव्हिएत रचनाकार बोरिस शाविरिनच्या आराखड्यावर उघड दिसतो, आणि ब्रांटचं नाव लेखात यायलाच हवं होतं. पण फ्रान्सने स्वतः तो मॉर्टर मोठ्या संख्येने सैन्यात आणलाच नाही. त्यावरून बेतलेला मॉर्टर आणला तो रशियाने. दुसऱ्या अर्ध्याला मात्र माझा विरोध आहे. १९४१ मध्ये हाती लागलेले सोव्हिएत मॉर्टर जर्मनांनी आधी तसेच वापरले, ‘ग्रॅनाटव्हेर्फर ३७८ आर’ या नावाने (ग्रॅनाटव्हेर्फर म्हणजे जर्मनमध्ये मॉर्टर). त्यातला ‘आर’ म्हणजे रशियन. हे नाव मॉस्कोने नव्हे, जर्मन सैन्यानेच दिलेलं. नंतर थोडेफार फरक करून त्यांनी ग्रॅनाटव्हेर्फर ४२ स्वतःच्या कारखान्यांत काढला. भर युद्धात शत्रूचं हत्यार उचलून आपलं करणं, हा प्रचार कसा?

एक विनंती आहे. बेसप्लेट चिखलात रुतते हे सगळेच लिहितात. पण दगडाळ जमिनीत ती बसवायला तुमची तुकडी काय करायची, ते मला कुठे नीट वाचायला मिळालेलं नाही. सवडीने लिहून पाठवा, तुमच्याच शब्दांत इथे छापतो.