‘क्रिएटिनिन नॉर्मल, मग किडनीची काळजी कशाला?’

सध्या एक मेसेज सगळीकडे फिरतोय: सीओपीडी (श्वासनलिका कायमच्या अरुंद होऊन धाप लागणं) हा फुप्फुसांचा आजार, त्याचा किडनीशी संबंध नाही. रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी गाळून बाहेर टाकते तो टाकाऊ पदार्थ) नॉर्मल असलं की झालं. किडनी बिघडते ती पंपामुळे, म्हणजे तोंडाने ओढायच्या इनहेलरमुळे, तेव्हा पंप कमी करा आणि पाणी भरपूर प्या. हे वाचून कुणी खरंच पंप बंद केला तर जिवावर बेतू शकतं, म्हणून एकेक मुद्दा घेते.

‘संबंध नाही.’ आहे, आणि दोन्ही बाजूंनी आहे. फुप्फुसांतून कार्बन डायऑक्साइड नीट बाहेर पडला नाही की रक्तातलं आम्ल वाढतं. मग किडनी बायकार्बोनेट, म्हणजे आम्लाचा जोर कमी करणारा क्षार, राखून तोल सावरते. त्याला ३ ते ५ दिवस लागतात. किडनीच अशक्त असेल तर हा आधार कमी पडतो. उलट बाजूने, किडनीचं काम मंदावलं की आम्ल साठतं, अंगावर पाणी चढतं, हिमोग्लोबिन उतरतं आणि या तिन्हींमुळे धाप वाढते. ती धाप ‘जुनी फुप्फुसांचीच’ समजून सोडून दिली जाते, हे मला सगळ्यात जास्त खटकतं. धूम्रपान तर दोन्ही अवयवांचं नुकसान करतं. अर्थात सीओपीडी असलेल्या प्रत्येकाची किडनी जाते, असं मुळीच नाही.

‘क्रिएटिनिन नॉर्मल म्हणजे किडनी ठणठणीत.’ मेसेजमधली सर्वांत फसवी ओळ हीच. क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होतं. बरीच वर्षं सीओपीडी असलेला माणूस खंगतो, दंड-मांड्या बारीक होतात. स्नायूच कमी, म्हणून क्रिएटिनिनही कमी, आणि रिपोर्ट चांगला दिसतो. आकडेच बघा: क्रिएटिनिन १.१ (मिलिग्रॅम प्रति डेसीलिटर) आहे. २५ वर्षांच्या पुरुषात यावरून ईजीएफआर, म्हणजे किडनी रक्त किती वेगाने गाळते याचा सूत्राने काढलेला अंदाज, साधारण ९५ येतो. ७० वर्षांच्या बाईत साधारण ५४. तीन महिन्यांहून अधिक काळ तो ६०च्या खाली राहिला तर त्याला क्रॉनिक किडनी डिसीज (किडनीचा दीर्घकालीन आजार) म्हणतात. त्यातही हे सूत्र वय आणि लिंग बघतं, स्नायू किती उरलेत ते बघत नाही. त्यामुळे खंगलेल्या पेशंटची खरी स्थिती ५४पेक्षाही वाईट असू शकते. अशा वेळी लघवीतल्या अल्ब्युमिन या प्रथिनाची तपासणी आणि गरजेप्रमाणे सिस्टॅटिन सी ही स्नायूंवर फारशी अवलंबून नसलेली रक्ततपासणी उपयोगी पडते. स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर किडनी तशीच असूनही सिस्टॅटिनचा आकडा वर जातो, एवढं डॉक्टरांच्या लक्षात आणून द्या.

‘पंपाने किडनी खराब होते.’ नाही. पंपातून दिल्या जाणाऱ्या सालब्युटामॉल या श्वासनलिका मोकळ्या करणाऱ्या औषधाचा डोस अगदी छोटा असतो: एका पफमध्ये साधारण १०० मायक्रोग्रॅम. ४ मिलिग्रॅमच्या एका गोळीत त्याच्या चाळीसपट. किडनीच्या पेशंटचं पोटॅशियम धोकादायक वाढलं तर ते तातडीने उतरवायला हेच औषध नेब्युलायझरमधून (औषधाची वाफ देणाऱ्या यंत्रातून) देतात. टायोट्रोपियमसारखं पंपातलं दुसरं औषध मात्र लघवीवाटे बाहेर पडतं, म्हणून किडनी बरीच मंदावली असेल तर डॉक्टर जास्त लक्ष ठेवतात. ते बंद करायचं की नाही, हे मेसेजने ठरवायचं नाही.

‘भरपूर पाणी प्या.’ पायावर सूज असेल, हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण आला असेल, तर हा सल्ला घातक आहे. किती प्यायचं ते डॉक्टरांना विचारा.

किडनीला खरोखर इजा करणाऱ्या एका गोष्टीचा मेसेजमध्ये उल्लेखच नाही: खोकून खोकून छाती-पाठ दुखते म्हणून मनाने घेतलेल्या आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या पेनकिलर. त्या रोज पोटात जात असतील तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना आधी तेच सांगा.