‘आधी शांतता आणि विकास, हक्कांचं काय ते पोट भरल्यावर बघू’ हे कितपत खरं?

या आशयाचा मजकूर सध्या सगळीकडे फिरतोय. त्यातले तीन दावे एकेक करून तपासू.

पहिला: कडक बंदोबस्त ठेवला की शांतता येते. ब्रिटनच्या ताब्यातल्या उत्तर आयर्लंडमध्ये 1960 च्या दशकात तिथले अल्पसंख्य कॅथलिक काय मागत होते? सरकारी घरांचं वाटप भेदभाव न करता व्हावं आणि स्थानिक निवडणुकीत प्रत्येक प्रौढाला मत मिळावं, या त्यांच्या मुख्य मागण्यांपैकी होत्या. तिथे मताधिकार घरपट्टीशी बांधलेला होता, म्हणजे घर नाकारलं की मतही गेलं. ऑक्टोबर 1968 मध्ये तिथल्या डेरी शहरात नागरी हक्कांसाठी निघालेल्या मोर्चावर पोलिसांनी लाठ्या चालवल्या. ऑगस्ट 1971 मध्ये खटल्याविना स्थानबद्धता सुरू झाली आणि हिंसाचार आणखी भडकला. 1972 हे पुढे जवळपास तीस वर्षं चाललेल्या त्या संघर्षातलं सर्वांत रक्तरंजित वर्ष ठरलं. एकूण सुमारे 3,500 माणसं गेली. तो संघर्ष मिटवणाऱ्या 1998 च्या शांतता करारात मग काय आलं? सत्तेत वाटा, मानवी हक्क आयोग, समानता आयोग आणि पोलीस दलाच्या फेररचनेची हमी. 2001 पासून दहा वर्षं पोलीस भरतीत निम्म्या जागा कॅथलिकांसाठी ठेवल्या गेल्या. कराराच्या तीस वर्षं आधीच्या मागण्या वेळीच ऐकल्या असत्या तर यातले कितीतरी जीव वाचले असते, असं मला ठामपणे वाटतं.

दुसरा: उपाशी माणसाला बोलण्याच्या स्वातंत्र्याचा काय उपयोग? 1943 च्या बंगालच्या दुष्काळात लाखो माणसं मेली, तेव्हा युद्धकालीन सेन्सॉरशिप होती. ऑगस्टमध्ये कलकत्त्याच्या ‘स्टेट्समन’ या वृत्तपत्राने उपासमारीची छायाचित्रं छापली आणि सरकारला ही गोष्ट दडपणं अशक्य झालं. भुकेची बातमी बाहेर पडणं हीसुद्धा मदतच असते. संयुक्त राष्ट्रांच्या 1994 च्या मानव विकास अहवालाने अन्नसुरक्षा आणि राजकीय सुरक्षा (म्हणजे मूलभूत हक्कांची जपणूक) एकाच यादीत ठेवल्या, ते योग्यच होतं.

तिसरा: दक्षिण कोरिया आधी श्रीमंत झाला, लोकशाही नंतर आली. वेगवान वाढ लष्करी राजवटीत झाली, हे मान्य. पण त्याआधी, 1950 च्या सुमारास, जमीनदारी मोडून कुळांना जमिनीचा मालकीहक्क दिला गेला होता. हा भाग त्या मजकुरात नेमका गाळलेला आहे. आणि 1987 ची थेट अध्यक्षीय निवडणूक राज्यकर्त्यांनी आपणहून दिली नाही. त्या वर्षी पोलिसांच्या छळात एक विद्यार्थी मेला, जूनमध्ये लाखो लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा कुठे ती मिळाली.