ब्लॉकला एक फेरी

'आय हॅव बीन अराउंड द ब्लॉक', म्हणजे 'मी बराच अनुभव घेतलाय', हे इंग्रजी वाक्य मराठी कानावर पडलं की पहिली पंचाईत ब्लॉकचीच होते. आपल्या लेखी ब्लॉक म्हणजे राहायची जागा, तीही बहुधा दोन खोल्यांची. तिच्याभोवती माणूस फिरतोय म्हणजे किल्ली आत राहिली असणार! दुसरा ब्लॉक मोबाइलवरचा, तिसरा हृदयातला. तिघांचाही इथे काडीचा संबंध नाही.

हा ब्लॉक अमेरिकी शहरातला. चारी बाजूंनी रस्ते आणि मध्ये इमारतींचा चौकोन. न्यूयॉर्कमधल्या मॅनहॅटनचे असे चौकोन १८११च्या आराखड्यातून आले. तिथल्या एका ब्लॉकला पुरी प्रदक्षिणा घातली तर अंतर भरतं साधारण अर्धा ते पाऊण किलोमीटर. एवढ्या चालण्यानं धड घामसुद्धा फुटत नाही आणि हे म्हणे जग बघून आले! आपण बारा गावचं पाणी प्यायला लावल्याशिवाय कुणाला हे प्रशस्तिपत्र देत नाही. तसे पूर्वी अमेरिकनही एवढे स्वस्तात सोडत नसत. १८४९च्या सुमारास सोन्यापायी कॅलिफोर्नियाला निघालेली मंडळी वाटेतले हाल सोसले की 'हत्ती पाहिला' म्हणत. कुठे हत्ती आणि कुठे घरामागची गल्ली!

अर्थ समजायला सोपा: या माणसानं टक्केटोणपे खाल्लेत, त्याला शिकवायला जाऊ नका. घोळ होतो वापरताना. 'हॅव बीन'च्या जागी 'वेन्ट' म्हणालात की तुम्ही जेवल्यावर नुसते पाय मोकळे करून आलात. 'द' गाळायचा नाही आणि त्याच्या जागी 'अ' बसवायचा नाही. ('द'चं आणि आपलं वाकडं जुनंच आहे.) अनुभव फार दांडगा असेल तर शेवटी 'अ फ्यू टाइम्स' जोडावं, पण 'ब्लॉक्स' करू नये. फेऱ्या कितीही वाढवा, ब्लॉक एकच.

खरा सुरुंग पुढे आहे. हे वाक्य स्वतःबद्दल बोललं तर रुबाब. जुन्या गाडीबद्दल बोललं तर ती बरीच घासलेली आहे, एवढंच. बाईबद्दल बोललं तर मात्र ते थेट तिच्या चारित्र्यावर जाऊ शकतं. निवृत्त होणाऱ्या सहकारी बाईंच्या निरोप समारंभात कौतुक म्हणून हे वापरणाऱ्याला पुढचा चहा एकट्यानं प्यावा लागेल. तिथे 'शी नोज द रोप्स' म्हणावं. हे रोप्स शिडाच्या जहाजावरचे दोरखंड, त्यांच्यात कुणाची अब्रू अडकत नाही.

भाषांतर करताना गंमत उलटी होते. इंग्रजी वाक्य स्वतःला शोभतं, आपलं बारा गावचं पाणी दुसऱ्यालाच पाजायचं असतं. 'मी बारा गावचं पाणी प्यायलोय' असं कुणी सांगू लागला की ऐकणारा आधी खिसा चाचपतो. 'पोहोचलेला' तर आणखी अवघड, त्यात संतही बसतो आणि भामटाही. म्हणून माझं मत असं की बोलणारा स्वतःबद्दल बोलत असेल तर 'चार पावसाळे जास्त पाहिलेत' करावं. दुसऱ्याबद्दल कौतुकानं बोलत असेल तर 'मुरलेला' आणि नाक मुरडून बोलत असेल तरच बारा गावं.

शेजारपाजारच्या वाक्प्रचारांपासूनही जपून. 'बीन देअर, डन दॅट'मध्ये अनुभवापेक्षा कंटाळा जास्त. 'आय वॉजन्ट बॉर्न यस्टर्डे' म्हणजे आपलं 'केस उन्हात पांढरे नाही झाले', मला बनवू नका. ब्रिटिश 'राउंड द हाउसेस' जातात तेव्हा मुद्द्यावर न येता वळसे घेत असतात. आणि 'ब्लॉक'ऐवजी जिभेवर 'बेंड' आला तर 'राउंड द बेंड' म्हणजे डोकं फिरलेला. नोकरीच्या मुलाखतीत हे झालं, तर निदान 'अ फ्यू टाइम्स' तरी जोडू नये.