'स्किफ-प्रमाणित' दार नावाची वस्तूच नाही

अमेरिकेतल्या अतिगुप्त माहितीच्या खोल्यांबद्दल, म्हणजे 'स्किफ'बद्दल, एक मजकूर सध्या खूप फिरतो आहे. त्याचा आशय असा: स्किफ म्हणजे धातूने मढवलेली, बिनखिडकीची, पूर्ण ध्वनिरोधक खोली. 'स्किफ-प्रमाणित' दार आणि पॅनेल विकत घ्या, ठेकेदार प्रमाणपत्र देईल. कुठलाही गोपनीय कागद ठेवायला अशीच खोली लागते.

यातलं जवळजवळ प्रत्येक विधान चुकीचं आहे. निविदेत चुकीची संज्ञा गेली की चुकीची भिंत उभी राहते, आणि वरून जिप्सम बोर्ड ठोकून झाल्यावर ती दुरुस्त करायची म्हणजे तोडायची.

"कुठलाही गोपनीय कागद." नाही. अमेरिकेत गोपनीयतेच्या पातळ्या तीनच आहेत: कॉन्फिडेन्शियल, सीक्रेट आणि टॉप सीक्रेट. 'एससीआय' (सेन्सिटिव्ह कंपार्टमेंटेड इन्फर्मेशन; 'स्किफ'च्या नावातली माहिती ती हीच) ही त्यांच्यावरची चौथी पातळी नव्हे. गुप्तचर यंत्रणांचे स्रोत आणि पद्धती ज्यातून उघड होऊ शकतात, त्या माहितीचे ते वेगळे कप्पे आहेत आणि स्किफ त्यांच्यासाठी असतं. साध्या सीक्रेट कागदाला 'जीएसए' या अमेरिकी सरकारी संस्थेने मान्य केलेली तिजोरी पुरते. विशेष कार्यक्रमांच्या माहितीसाठी 'सॅपएफ' ही वेगळी वास्तू असते.

स्किफमध्येही प्रकार आहेत. 'क्लोज्ड स्टोरेज'मध्ये काम संपलं की सगळं साहित्य तिजोरीत जातं. 'ओपन स्टोरेज'मध्ये खोलीत कोणी नसतानाही ते टेबलावर राहू शकतं. नावातल्या 'ओपन'मुळे अनेकांना हा प्रकार सैल वाटतो. प्रत्यक्षात तोच जास्त कडक आहे, कारण तिथे तिजोरीचं काम खोलीच्या भिंतीलाच करावं लागतं. भिंतीत लोखंडी एक्स्पांडेड जाळी किंवा प्लायवूड घालायचं का, हा प्रश्न इथूनच निघतो. 'एसडब्ल्यूए' म्हणजे जिथे चर्चा आणि काम चालतं, पण साठवण नाही, अशी जागा. तिचंच तात्पुरतं रूप, 'टीएसडब्ल्यूए', महिन्याला ४० तासांपर्यंत वापरता येतं. नकाशावर नुसतं 'स्किफ' लिहून यातलं काहीच ठरत नाही.

"पूर्ण ध्वनिरोधक." नियमांत हा शब्दच नाही, तिथे एसटीसीचा, म्हणजे भिंत किंवा दार आवाज किती अडवतं ते सांगणारा आकडा असतो. सर्वसाधारण सीमाभिंतीला, म्हणजे स्किफला बाहेरच्या जागेपासून वेगळं करणाऱ्या भिंतीला, एसटीसी ४५ लागतं: पलीकडे मोठ्याने बोललेलं पुसट ऐकू येईल, पण शब्द कळणार नाहीत. ध्वनिवर्धक असलेल्या सभाकक्षाला ५० लागतं. नेहमीच्या भिंतीची रचना अशी: ३⅝ इंची, १६ गेजच्या पोलादी पट्ट्यांचा सांगाडा, आत ध्वनिशोषक लोकर, बाहेरून ⅝ इंच जाडीच्या जिप्सम बोर्डाचा एक थर आणि आतून दोन. ही भिंत खऱ्या जमिनीपासून खऱ्या स्लॅबपर्यंत जायला हवी. फॉल्स सीलिंगपाशी थांबवलेली भिंत कागदावर कितीही चांगली असली तरी आवाज वरून वळसा घालून पलीकडे उतरतो. रंगही स्लॅबपर्यंत लावतात, म्हणजे सीलिंगच्या वर कोणी छेडछाड केली तर ती दिसते.

सगळ्यात जास्त फसगत फटींपाशी होते, म्हणून हा हिशेब करून पाहावा. एसटीसी ४५च्या २० चौरस मीटर भिंतीतून जितकी ध्वनिऊर्जा पार जाते, ढोबळमानाने तितकीच अवघ्या ६ चौरस सेंटिमीटर उघड्या फटीतून जाते. ९० सेंटिमीटर रुंद दाराखाली १ मिलिमीटर फट राहिली तर ४५चे साधारण ४१ होतात. ५ मिलिमीटर राहिली तर ३६. बोर्डाचा चौथा थर चढवून हे भरून निघत नाही. उत्तर खालच्या-वरच्या ट्रॅकशी ध्वनिरोधी सीलंट भरण्यात, दाराची गास्केट आणि खालची पट्टी नीट बसवण्यात, आणि भिंतीच्या दोन्ही बाजूंचे विजेचे बॉक्स पाठीला पाठ न लावण्यात आहे. दारावर छापलेला आकडा प्रयोगशाळेत, त्याच्या चौकटीसकट काढलेला असतो. जागेवरचं मोजमाप सहसा त्याच्या खालीच येतं.

"धातूने मढवलेली." तेही सरसकट नाही. उपकरणांतून नकळत बाहेर पडणाऱ्या लहरींचा विषय 'टेम्पेस्ट' या नावाखाली येतो. त्याचा आढावा 'सीटीटीए' हा तांत्रिक अधिकारी घेतो आणि धातूचं आवरण हवं की नको, हे त्याच्या शिफारशीवर ठरतं. शिफारस आली तर भिंतीत फॉइल बसते, पण फॉइल लावलेली भिंत म्हणजे जोडकाम करून बंद केलेली पोलादी पेटी नव्हे. निविदेत दोन्हींना 'शिल्डिंग' म्हणून मोकळं होऊ नये. फॉइलचे सांधे, दाराची चौकट आणि पाइपची भोकं यांत सलगपणा राहिला नाही, तर तिचा उपयोग झपाट्याने घटतो. १ गिगाहर्ट्झची तरंगलांबी ३० सेंटिमीटर असते, म्हणून १५ सेंटिमीटरची बारीकशी उभी फटसुद्धा त्या लहरीला चांगली वाट करून देते. सीमा ओलांडणारा धातूचा पाइप भूसंपर्कित करतात किंवा त्यात विद्युतरोधक तुकडा घालतात.

"बिनखिडकीची." खिडक्या कमीत कमी असाव्यात, इतकंच. असल्या तर त्या उघडणाऱ्या नसाव्यात आणि आतलं दिसू-ऐकू येणार नाही अशी सोय हवी. जमिनीपासून १८ फुटांच्या आत असल्या तर घुसखोरीविरुद्ध संरक्षणही हवं. खिडकीइतकंच लक्ष एसीच्या डक्टकडे द्यावं. ९६ चौरस इंचांहून मोठ्या भोकाला ½ इंच जाडीचे पोलादी गज ६-६ इंचांवर उभे-आडवे वेल्ड करून लावतात. ते तपासण्यासाठी डक्टला आतल्या बाजूने झाकण ठेवतात, आणि नेमकं तेच झाकण नकाशात राहून जातं.

आता "प्रमाणित" आणि "ठेकेदाराचं प्रमाणपत्र". सुट्या भागांना त्यांची त्यांची मानकं आहेत: मुख्य दाराच्या कुलपाला एफएफ-एल-२७४०, दाराच्या गजर-स्विचला यूएल ६३४ लेव्हल २, गजर यंत्रणेच्या उभारणीला यूएल २०५०. पण मान्यता मिळते ती पूर्ण जागेला, आणि ती देतो 'एओ', म्हणजे मान्यता अधिकारी. अमेरिकी गुप्तचर यंत्रणांसाठीच्या २०१० सालच्या आयसीडी ७०५ या निर्देशाने आधीच्या डीसीआयडी ६/९ या निर्देशाची जागा घेतली, तेव्हापासून हीच चौकट आहे. क्रम असा: आधी संकल्पनेला मंजुरी, मग 'सीएसपी' म्हणजे बांधकाम-सुरक्षा आराखडा, मग बांधकाम, मग नकाशे-छायाचित्रांसह भरलेली 'एफएफसी' तपासणी-यादी, शेवटी पाहणी. ठेकेदाराचं खरं काम छायाचित्रांचं आहे: सीलंट, जाळी आणि फॉइल बोर्डाआड जाण्याआधी प्रत्येक बाजूचे फोटो, तारीख आणि भिंतीचा क्रमांक दिसेल असे. ते नसतील तर भिंत उघडून दाखवायला सांगितलं जाऊ शकतं.

नियमांतून कुठलीही सवलत न घेता मान्य झालेलं स्किफ दुसऱ्या गुप्तचर संस्थेनेही मान्य करावं, असा नियम आहे. सवलत घेतली की हा फायदा हातचा जाऊ शकतो. आणि मान्यतेनंतर सीमाभिंतीत नवी केबल घालायला एक भोक पाडायचं असलं, तरी ड्रिल हातात घेण्याआधी 'एओ'ला कळवून होकार घ्यावा लागतो.